धोंड

शुक्रवारी पहाटे बडनेऱ्याला उतरलो तेव्हा फलाटावरच्या बाकांवर अजून गुलालाचे डाग होते. धुळवडीला चारच दिवस झाले होते. होळी आणि ईस्टर काही वर्षी असे पाठोपाठ येतात त्यात योगायोग नाही. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्या वर्षी, 2024 साली, ती पौर्णिमा 25 मार्चला होती, धुळवडीच्याच दिवशी. म्हणून उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, 29 ला आणि ईस्टर 31 ला. लहानपणी नवं कॅलेंडर घरात आलं की बाबा हा हिशेब मला करायला लावायचे. बरोबर आला की पाठीवर थाप. त्या वर्षी मी तो जानेवारीतच करून ठेवला होता आणि त्याच दिवशी तिकीट काढलं.

बाबा 2021 च्या मार्चमध्ये गेले. दुसरी लाट बाकी महाराष्ट्राला कळायच्या आत आमच्या जिल्ह्यात येऊन ठेपली होती. अमरावती-अचलपुरात फेब्रुवारीतच टाळेबंदी लागली. बाबा गावी थोरल्या भावाकडे, माझ्या मोठ्या बाबांकडे, गेले होते ते तिथेच अडकले. मी पुण्यात तापानं अंथरुणावर, आई माझ्या उशाशी. नखशिखांत झाकलेल्या चार माणसांनी त्यांना पुरलं. पाळकांनी वीस पावलांवरून वचन वाचलं. मोठे बाबा कबरस्थानाच्या बाभळीच्या कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते, त्यांना आत सोडलं नाही. मातीची मूठ टाकायला घरचं कुणीही नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं मी गावाला गेलो नाही. चर्चमध्येही गेलो नाही. ‘देवाची इच्छा’ हे शब्द कुणी उच्चारले की मी खोलीतून उठून जात असे. आई रविवारी एकटीच जायची. मला कधी काही बोलली नाही. कबरेवर नावाची पाटी लावण्याचा शब्द मी मोठ्या बाबांना दिला होता, तोही तसाच राहिला.

अमरावतीहून परतवाड्याची एसटी धरली. वलगावला बस पेढी नदीच्या पुलावर येते. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी या पेढीच्या काठी, वाटेतच देह ठेवला. ते आमच्याच भागातले, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं, हा त्यांचा रिवाज बाबांना फार प्रिय. हा पूल आला की बाबा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत. मी टोपी घालत नाही. खिडकीचा गज धरून कोरड्या पात्राकडे बघत बसलो. पुढे आसेगाव, मग दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, आणि उत्तरेला मेळघाटचे डोंगर, निळे नाहीत, मार्चअखेरीला असतात तसे करडे.

परतवाड्यात दगडावर अक्षरं कोरणाऱ्या कारागिराकडे लादी तयार होती. फोनवरून सांगून ठेवली होती. काळ्या कडप्प्याची, तीन फूट बाय दोन फूट. वर क्रूस, मग नाव, दोन तारखा, आणि खाली ‘योहान 12:24’. जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचं ते वचन. बाबांच्या बायबलमध्ये त्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. लादी पन्नास-साठ किलोंची. कारागिरानं आणि रिक्षावाल्यानं गोणपाटात गुंडाळून ती मालरिक्षात चढवली, मी मागे तिच्याशेजारी बसलो. खड्डा आला की ती सरकायची आणि मी दोन्ही हातांनी दाबून धरायचो. सबंध रस्ताभर माझा हात तिच्यावर होता.

“आला का रे बाप्पा,” मोठी आई दारातूनच म्हणाली. पुढं काहीच बोलली नाही. पाण्याचा तांब्या हातात दिला, माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मग, “उपास हाये ना तुला? चाल मंग, बाराची घंटा होईन आता.”

उपास नव्हता. पण गाडीत काही खाल्लं नव्हतं, म्हणून हो म्हणालो.

गावातलं चर्च लहान, टिनाचं छप्पर, तीस-पस्तीस घरांचं. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना असते. येशूनं क्रूसावरून काढलेले सात उद्गार एकेक करून वाचतात आणि प्रत्येकावर कुणीतरी बोलतं. बाहेर चाळीसच्या घरातलं ऊन, आत दोन पंखे, त्यातला एक बाजूच्या बाकांवर वारा टाकणारा. मी शेवटच्या बाकावर बसलो. पहिला उद्गार क्षमेचा, दुसरा शेजारच्या क्रूसावरच्या गुन्हेगाराला दिलेला शब्द, तिसरा आईला शिष्याच्या हाती सोपवण्याचा. ते तिन्ही मी ऐकले, पण दुरून.

चौथा उद्गार बोलायला दिला होता अंगणवाडीतल्या एका सेविकाबाईंना. त्यांनी आधी मूळ शब्द वाचले, ‘एलोई, एलोई, लमा सबख्थनी’. मग मराठी: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्या म्हणाल्या, की हे शब्द येशूनं नवे काढलेले नाहीत, ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. शेकडो वर्षं आधीपासून लोक ती देवाच्या घरात मोठ्यानं म्हणत होते. मग एवढंच म्हणाल्या: “हे विचारल्यावर वरून काही उत्तर आलं नाही. इथं लिहिलेलं नाही. आपण बी त्यात आपलं उत्तर घालू नये.” आणि खाली बसल्या.

तीन वर्षं मी समजत होतो की माझा प्रश्न मला चर्चच्या बाहेर घेऊन गेला. तो प्रश्न तर दर वर्षी याच दिवशी, भर दुपारी, आत उभं राहून मोठ्यानं वाचला जात होता. लहानपणापासून चाळीसेक वेळा मी तो ऐकला असेन. मला रडू आलं नाही. फक्त उठून बाहेर जावंसं वाटलं नाही, तीन वाजेपर्यंत.

शनिवारी सकाळी कबरस्थानाकडे निघालो. ईस्टरच्या आदल्या दिवशी तिथं साफसफाई असते, घरटी एक माणूस तरी येतो. खराटे, विळे, चुन्याच्या बादल्या. बायका गवत उपटत होत्या, बाप्ये दगड सारखे करत होते. मला बाबांची कबर शोधावी लागली. मोठ्या बाबांनी बोट दाखवलं: मातीचा एक लांबट उंचवटा, डोक्याशी दोन लाकडांचा क्रूस, आडवं लाकूड एका खिळ्यावर कललेलं. मी खराटा घेतला. वाळलेली पानं, बाभळीचे काटे, एक फाटकी पतंग. झाडून झालं तरी झाडतच राहिलो. तेवढ्या वेळात मनात प्रार्थना वगैरे काही नव्हतं. खराट्याचा आवाज होता आणि तो बरा वाटत होता.

लादी फाटकाशी ठेवली होती. फाटक ते कबर दोनशे पावलं, मध्ये चढ, आणि रिक्षा आत येत नाही. मोठे बाबा बहात्तरचे, मला एकट्याला ती हलेना. तेवढ्यात रस्त्यानं पोट्टे आले. रंगपंचमी होती. आमच्याकडे खरा रंग धुळवडीलाच, पण पोरांना निमित्त पुरतं. हिरवी-जांभळी तोंडं, ओले शर्ट, सहा-सात जण. त्यातला एकही ख्रिस्ती घरातला नव्हता.

“काका, कोनाची हाये?”

“माझ्या वडिलांची.”

एकानं शर्टाला हात पुसले. दुसऱ्यानं गोणपाट सारखं केलं. आणि चौघांनी ती उचललीही. कबरस्थानात शिरताना त्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं. मी पुढून वाट दाखवत उलटा चालत होतो. लादी सिमेंटवर बसवली, मोठ्या बाबांनी ओळंबा धरून पाहिला, पोट्टे पाणी पिऊन गेले. गोणपाट काढलं तर कडेला एका हाताचा हिरवा पंजा उमटला होता. पुसायला फडकं घेतलं आणि तसंच राहू दिलं.

रात्री जेवणं झाल्यावर मोठ्या बाबांनी बॅटरी घेतली. शेतीची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. “येतं का? झोप येत नसन तं चाल.”

आमच्या घराण्यात संत्रा आजोबांमुळे आला. कोठाऱ्याच्या कुष्ठरोग्यांच्या मिशन हॉस्पिटलात ते माळी होते. कलमं बांधायला तिथंच शिकले, मग दोन एकर घेऊन बाग लावली. आता दीडशेच्या आसपास झाडं आहेत. लाईन यायची वाट बघत आम्ही मोटारीच्या खोपटाशी बसलो. मोठे बाबा आंबिया बहाराबद्दल बोलत होते. आंबिया धरायचा तर पावसाळा सरल्यावर झाडाचं पाणी तोडतात, ताण देतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. मग जानेवारीच्या सुमाराला आधी हलकं पाणी, त्याला आंबवणी म्हणतात, मग चिंबवणी, आणि बाग फुलावर येते.

“ताण नाही देल्ला तं झाड नुसतं पानावर राह्यते. फुलत नाही,” ते म्हणाले. बॅटरीच्या उजेडात फांदी वाकवून दाखवली. पानांच्या बेचक्यात गोटीएवढी हिरवी फळं.

इथं एक सोपा दृष्टांत हाताशी होता: देवानं ताण दिला, आता बहार येईल. मला तो नको होता आणि अजूनही नको आहे. ताण देणारा माळी झाड मरू देत नाही. पान किती गळालं ते रोज बघतो, आणि वेळेला पाणी सोडतो. 2021 च्या मार्चमध्ये असं काही मोजूनमापून चाललेलं मला दिसलं नाही. बाबांचं जाणं कुणीतरी माझ्या भल्यासाठी योजलं होतं, हे मी कधीही म्हणणार नाही. ख्रिस्ताच्या शिकवणीतही ते कुठं लिहिलेलं नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी येशूनं कारण समजावून सांगितलं नाही, तो रडला.

अकरानंतर पूर्वेला चंद्र आला, एका बाजूनं झिजलेला. बारा वाजून गेल्यावर लाईन आली, मोटार धरली, पाणी पाटात उतरलं. मोठ्या बाबांनी फावडं माझ्या हातात दिलं आणि स्वतः बांधावर बसले. एका आळ्यात पाणी भरलं की तोंड मातीनं बांधायचं, दुसरं फोडायचं. पाय घोट्यापर्यंत चिखलात. कोरड्या मातीत पाणी शिरताना बारीक बुडबुड्यांचा आवाज येतो. मी कितीतरी वेळ प्रत्येक झाडाशी तो आवाज ऐकत उभा राहिलो. मग कधीतरी, अर्ध्या बागेच्या पुढं गेल्यावर, लक्षात आलं की मी बाबांशी बोलतोय. आलो नाही त्याबद्दल. मुलगी कितवीत आहे त्याबद्दल. आणि त्यांच्याशी बोलता बोलता त्या बोलण्यातला ‘तुम्ही’ कुठेतरी ‘तू’ झाला. आम्ही बाबांना कधी अरेतुरे केलं नाही. तू म्हणतो ते फक्त देवाला.

झोपलो नाही. साडेचारला हातपाय धुतले, पाचला प्रभातफेरी निघाली. डफ, टाळ, पेट्रोमॅक्सऐवजी आता मोबाईलचे दिवे. गाणी म्हणत सगळे कबरस्थानात आले आणि आपापल्या माणसांच्या कबरींपाशी उभे राहिले. दर कबरेवर मेणबत्ती, झेंडू. अंधार पातळ होत होता. पाळकांनी मार्काच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय काढला. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अगदी सकाळी, तीन बाया सुगंधद्रव्यं घेऊन कबरेकडे निघतात आणि वाटेत एकमेकींना विचारतात, की आपल्याकरता कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटील?

पाळक तिथंच थांबले. “त्यांच्याकडे उत्तर नव्हतं,” ते म्हणाले. “तरी निघाल्या होत्या. पुनरुत्थान होणार म्हणून नव्हत्या निघाल्या. मेलेल्या माणसाचं राहिलेलं काम करायला निघाल्या होत्या.” मग त्यांनी आठव्या ओवीपर्यंत वाचलं. बाया भेदरून पळून जातात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्काचं शुभवर्तमान इथंच संपतं, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या ईस्टरच्या सकाळी पहिली गोष्ट आनंद नव्हती, थरकाप होता. हे मला कुणीतरी तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

“प्रभू उठला आहे!” पाळक म्हणाले.

“खरोखर उठला आहे!” सगळं कबरस्थान म्हणालं. तीनदा म्हणतात. पहिल्या वेळी माझा आवाज फुटला नाही. दुसऱ्या वेळी मोठ्या आईनं माझ्याकडे न बघता माझा हात धरला. चिखलानं माझी नखं काळी होती, तिची चुन्यानं पांढरी. तिसऱ्या वेळी मी म्हणालो. मोठ्यानं नाही, पण म्हणालो, आणि म्हणताना ते मला खरं वाटत होतं.

सहानंतर डोंगराच्या कडेनं सूर्य वर आला. लोक चहाकडे वळले. मी पुण्याला फोन लावला. आई उठलेलीच होती, चर्चला निघायच्या तयारीत.

“बसवली का रे लादी?”

“बसवली.”

“नाव नीट लिहिलंय ना? वाच बरं.”

मी वाकून वाचलं. नाव, दोन तारखा, योहान 12:24. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली.

मी खाली मातीत बसलो आणि पुन्हा वाचलं.