हवा निघाली हे कळतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "ताई, ब्रेकची नळी बदलली, ऑइल भरलं, हवाही काढली. पण सगळी निघाली हे ओळखायचं कसं? बुडबुडे थांबले की झालं ना?"

बुडबुड्यांवर विसंबू नका. खरं उत्तर पायाला कळतं, आणि पायाला काय कळायला हवं ते मला आमच्या जुन्या मारुती ८००ने शिकवलं.

आम्ही रत्नागिरीचे. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे गाडी खालून गंजतेच. त्या वर्षी डब्यातलं ब्रेक ऑइल कमी होताना दिसलं आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला ओघळ सापडला. ब्रेक ऑइलची धातूची नळी गंजून फुगून सोलवटली होती ती नेमकी क्लिपखाली, जिथे चिखल अडकून बसतो. "तेवढाच तुकडा कापून जोड मारून देतो," असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते; जोरात ब्रेक दाबला की या नळीत ७०-८० बारच्या घरात दाब जातो. तिथे साधा जोड नको आणि साधी तांब्याची नळीही नको. त्याच गाडीची, दोन्ही टोकं कारखान्यात फुलवलेली नळी आणा.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. स्टँड लावा, पुढच्या चाकांना अडण लावा.

नट सोडवताना घाई नडते. मी आदल्या रात्री तारेच्या ब्रशने गंज झाडला, स्प्रे मारून ठेवला. साधा फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो आणि गंजलेला नट गोल होतो. नळीवरून सरकवता यावा म्हणून तोंडाशी थोडा कापलेला रिंग पाना मिळतो, तोच वापरा. रबरी होजची बाजू दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर नटाबरोबर होजही पिळते. उघड्या टोकाला लगेच रबरी टोपी घाला. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता, कारण ते रंग खातं. नवा नट आधी बोटांनी फिरवायचा. बोटांनी फिरत नसेल तर आटे वाकडे बसलेत; पाना लावून जबरदस्ती केलीत तर चाकातला सिलिंडरही (ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) जाईल.

हवा काढायला दोघं लागतात. पेडलवर माझी मुलगी बसली, चाकाशी मी. निपलला (चाकाशी असलेला, हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

"दाब."
"दाबलं."
मी निपल पाव फेरा उघडते. पेडल खाली जातं, नळीतून फेसाळ ऑइल पळतं. मी निपल बंद करते.
"सोड."

निपल बंद झाल्याशिवाय "सोड" म्हणायचं नाही. पाय आधी उचलला की बाहेरची हवा परत आत. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंतही नेऊ नका. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा) जो भाग रोज वापरात नसतो तिथे गंज असतो, तो रबरी सील कापतो. मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवते. दर पाच-सहा दाबांनी डब्यात ऑइल पाहा. डबा रिकामा झाला तर वरून हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

नळीत आधी कॉफीच्या रंगाचं ऑइल आलं, मग मधासारखं. बुडबुडे थांबले. तरी मुलगी म्हणाली, "आई, पेडल खूप खाली जातंय." आम्ही जवळपास अर्धा लिटर ऑइल काढलं, बुडबुडा एकही नाही. मग मी स्वतः बसले. पहिल्या दाबाला पेडल खोल गेलं, लगोलग दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आलं आणि कडक लागलं. ती हवा नव्हतीच. मागचा ड्रम उघडल्यावर शूज (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे भाग) ढिले राहिले होते. ड्रमला हलके घासतील इतके ते जुळवले आणि पेडल पहिल्याच दाबाला वर आलं.

तर पायाला हे तीन प्रकार वेगळे ओळखता यायला हवेत. स्पंजासारखं दबत असेल तर हवा आहे. खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर येत असेल तर आधी शूज बघा. आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. ती गाडी हलवू नका. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) असलेल्या गाडीत इंजिन सुरू करताना पेडल किंचित बसतं, ते ठीक आहे. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर काही गाड्यांना स्कॅनर लागतो, ते काम गॅरेजलाच द्या.

ऑइलचा ग्रेड डब्याच्या झाकणावर लिहिलेला असतो. कोरडं डॉट ३ ग्रेडचं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषली की तीच हमी १४० वर येते. आंबा घाट उतरताना ब्रेक तापले आणि हे ऑइल उकळलं, तर नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून मागच्या पावसाळ्यात फोडलेला ऑइलचा डबा मी वापरत नाही.

शेवटी मुलीने मिनिटभर पेडल जोरात दाबून धरलं, मी प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहिला. रात्री चाकाखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी ते कोरडं होतं. मग पेडल पुन्हा दाबून पाहिलं, एक हात हँडब्रेकवर ठेवला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये अंगणातच दहा फूट पुढे घेतली.