अम्माऊसची वारी, वऱ्हाडातून

ईस्टरनंतरच्या सोमवारी आम्ही अम्माऊसची वारी चालतो. यरुशलेमपासून अम्माऊस हे गाव साठ स्टेडिया, असं येशूचं चरित्र लिहिणारा लूक बायबलमध्ये सांगतो. म्हणजे साधारण 11 किलोमीटर. तेवढंच अंतर आम्ही गावापासून धरतो. लूकच्या अध्यायात, येशू मेलेल्यांतून उठला त्याच दिवशी दोन शिष्य या वाटेने चालले होते; येशू त्यांच्यासोबत चालला, पण त्याने भाकर मोडेपर्यंत त्यांनी त्याला ओळखलं नाही. ते दोघे दिवस कलताना पोचले. वऱ्हाडात तो हट्ट धरू नये. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. 2025 मध्ये तो 20 एप्रिलला होता, आणि त्या दिवसांत सकाळी नऊलाच डांबर चटके देतं. म्हणून पहाटे चारला निघायचं, आठच्या आत पोचायचं. ईस्टर पौर्णिमेनंतर येतो, त्यामुळे पहाटे चंद्र वर असतो. तरी सगळ्यात मागच्या माणसाच्या हातात टॉर्च हवाच. मागून ट्रॅक्टर येतात.

नवी चप्पल घालून येणारे तिसऱ्या किलोमीटरला बसतात. शेगावला पायी जाणाऱ्या कुणालाही विचारा, तेच सांगेल: जुनी चप्पल, सुती मोजे. माणशी लिटरभर पाणी, शिवाय बैलगाडीत वीस लिटरचे कॅन. घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ हातअंदाजाने टाकू नये, जास्त झालं तर अपायच.

पहिला थांबा कब्रस्तान. कबरींना चुना आधीच्या आठवड्यातच लागलेला असतो. मेणबत्त्या थेट जमिनीवर लावू नका. वाळलेलं गवत एका ठिणगीत पेटतं. दोन हात जागा खरडून घ्यायची, पत्र्याच्या डब्यात रेती भरायची आणि मेणबत्ती तिच्यात रोवायची.

मग वर्षभरात गेलेल्यांची नावं. घरच्यांना आदल्या दिवशी विचारल्याशिवाय एकही नाव घ्यायचं नाही. आणि इथेच हमखास चूक होते. कुणी बाई रडू लागली की एखादे काका थेस्सलनीकाकरांचं पहिलं पत्र, 4:13 काढून म्हणतात, "बाई, रडू नका, आपल्याला आशा आहे." पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे रडू नका म्हणतच नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढंच तो म्हणतो. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या बहिणीला, मार्थेला, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" असं सांगणारा येशू त्याच अध्यायात पुढे रडला आहे (योहान 11:35). म्हणून इथे थांब्याला घाई करू नये. रडून होऊ द्यावं, मग भजन.

दुसरा थांबा वावराच्या धुऱ्यावर, कारण पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायातला दाण्याचा दाखला इथे समजावून सांगावा लागत नाही. पेरलेलं बी तसंच राहिलं तर पीक नाही. पूर्ण अध्याय मात्र वाचू नका, 58 ओव्या आहेत. लोक धुऱ्यावर टेकून झोपतात. 35 ते 44 पुरे. शेजारचे वारकरी बहुतेक इथेच विचारतात, "म्हणजे पुनर्जन्मच ना?" नाही. दुसऱ्या देहात दुसरं आयुष्य नव्हे. तोच माणूस, एकदाच मेलेला, देहासकट उठवलेला. नुसता आत्मा वर जातो, हेही अर्धंच. उठलेल्या येशूने शिष्यांना हातपाय दाखवले, त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला (लूक 24:39-43). खिळ्यांचे व्रण तसेच होते.

शेवटी पोचल्यावर लूक 24:13-35. वाचणाऱ्याने आधी घरी मोठ्याने वाचून यावं, त्या दोघांपैकी एकाच्या "क्लयपा" या नावाशी बरेच जण अडखळतात. मग ज्वारीची भाकर मोडून एकमेकांना द्यायची, सोबत झुणका आणि कांदा. हा प्रभुभोजनाचा (चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्यांनी भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा) विधी नव्हे, हे पाळकांनी आधीच स्पष्ट सांगावं, नाहीतर बाप्तिस्मा न झालेली पाहुणे मंडळी बिचारी उपाशीच मागे उभी राहतात. परतीला टेम्पो ठरवून ठेवा. त्या दोघांसारखं लगेच उलट पावली चालत येणं आमच्या उन्हात जमत नाही.