खर्जाची खरेदी

भाच्याला बास गिटार, म्हणजे खर्जातल्या सुरांची गिटार, घ्यायची होती आणि सोबतीला आत्या हवी होती. कारण सरळ आहे. बापाकडं पैसे मागायची त्याची हिंमत नाही, आणि त्याच्या बापाची मला नाही म्हणायची. परभणीहून तपोवन एक्स्प्रेसनं निघालो. वाटेत त्यानं मोबाईलवर एका जर्मन कंपनीच्या बासचा फोटो दाखवला. किंमत बघून मी म्हटलं, "जगात जर्मनी ठीक आहे रे, पण आपण परभणीचे." तो हसला नाही. आमच्याकडच्या लेकरांनी ही म्हण पाळण्यातच ऐकलेली असते.

संभाजीनगरातलं ते दुकान म्हणजे चिंचोळा बोळच. दर्शनी भागात टाळ, ढोलक्या, संबळ, मधे पेट्या आणि तबल्याच्या जोड्या, अगदी मागच्या भिंतीवर गिटारी. त्यांतही बास फक्त तीन. "बासला गिऱ्हाईक कमी, ताई," मालक धूळ झटकत म्हणाले.

का कमी, ते दहा मिनिटांत कळलं. साधी गिटार वाजवून बघणाऱ्याचं बरं असतं. ओळखीच्या गाण्याच्या दोन ओळी छेडल्या की टाळ घ्यायला आलेला माणूससुद्धा वळून बघतो. बासवाला मात्र स्टुलावर बसून एकटाच ढुम, ढुम-ढुम करतो. शेजारचं कुणी फोनवर असावं आणि आपल्याला नुसतं "हं… हं… बरं… हं" ऐकू यावं, तसं. गोंधळात कथा सांगतो तो मुख्य गोंधळी, मागचे झील धरतात. त्या झीलकऱ्याला एकट्याला उभं करून "म्हण बाबा काहीतरी" म्हटलं, तर तो काय म्हणणार?

भाचा मात्र गंभीर. गिटारची तार साधारण पंचवीस इंचांची, बासची चौतीस, त्यामुळं दांडीवरच्या सुरांच्या पट्ट्या लांब लांब आणि त्याची करंगळी पोचता पोचेना. तरी तोंड चालू होतं. पूर्वी बास म्हणजे माणसाएवढं उभं वाद्य, त्याला पट्ट्याच नसत, सूर अंदाजानं पकडायचा. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या माणसानं ते आडवं करून गळ्यात अडकवलं, पट्ट्या ठोकल्या आणि नाव ठेवलं 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. हा फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे ऐकून मला जरा धीर आला. आता मलाही मत द्यायला हरकत नव्हती.

दुसऱ्या बासमध्ये नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी निघाली. वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवायची, नाहीतर बॅटरी उतरते, असं मालकांनी बजावलं. ज्या घरात कुणी पंखा बंद करत नाही, तिथं हे जमणार नव्हतं. ती बाद.

खरी गंमत अँपची, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याची. पंधरा वॅटच्या डब्यातून जाड तार नुसती खोकली. मालकांनी चाळीस वॅटचा, दहा इंची स्पीकरचा अँप पुढं ओढला. भाच्यानं त्यावरचं खर्जाचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं आणि वरच्या फळीवरचा ड्रम आपोआप चर्रर्र करायला लागला. त्याच्या पोटाखाली तारांची पट्टी असते, ती इकडच्या सुरानं थरथरत होती. मालक शांतपणे म्हणाले, "ते कमी करा, मिड, मधले सूर वाढवा. नुसत्या घुमण्यानं बास ऐकू येत नसतो." वरातीतल्या डीजेवाल्यांना कुणीतरी हे सांगायला हवं.

पण ऐकू येण्याचंही गौडबंगालच. भाचा अँपला खेटून म्हणे, "काहीच कळेना," आणि मी दारात टाळांपाशी उभी, तर तिथं छातीत धडधड. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते आणि त्या सुराची हवेतली लाट आठ मीटरहून लांब भरते. भिंतींवर आपटून ती परत येते, मग कुठं दुप्पट होते, कुठं गायब. थोडक्यात, वाजवणाऱ्याला त्याचं स्वतःचंच नीट ऐकू येईल याची खात्री नाही.

मला अण्णांचा पखवाज आठवला. भजनाआधी डाव्या पुडीवर ओली कणीक थापायचे, तेव्हा कुठं तो खाली, पोटातून बोलायचा. भजन संपलं की कणीक खरवडून टाकायची. आमच्याकडं एकादशीला चूल वरईभगरीपुरती पेटायची, तरी आई चिमूटभर कणीक तिंबून द्यायची. "आज घरात तो एकटाच जेवायलाय," असं ती म्हणायची. एकदा गडबडीत कणीक राहिली. गाणारे तेच, टाळ तेच, पण भजन असं कोरडं झालं की लोक उगाच एकमेकांकडं बघत होते. काय चुकतंय, कुणालाच सांगता येईना.

हे मी भाच्याला सांगत असतानाच एक म्हातारबुवा पेटी बघायला बसले. भाता दाबून सूर धरला आणि अभंगाची एक चाल सावकाश काढली. भाचा थोडा वेळ ऐकत राहिला, मग सूर ओळखून म्हणाला, "बाबा, काळी एक का?" बुवांनी नुसती मान हलवली. भाच्यानं तिसऱ्या तारेची चौथी पट्टी धरली आणि चालीच्या समेवर एकेकच सूर ठेवत गेला. तेवढंच. पण तासभर जे "हं… हं" चाललं होतं, त्याच्या पलीकडचं माणूस एकदम बोलायला लागलं. मालकांनी फोन बाजूला ठेवला. बुवांनी मात्र वर बघितलंसुद्धा नाही, चाल संपल्यावर मालकांना विचारलं, "भात्यातून हवा जायलीय का हो?"

पहिली बास आणि चाळीसचा अँप घेतला. घासाघीस मी केली, स्वतःची स्तुती म्हणून नाही, पण पट्टा आणि वायर फुकट मिळवली. परतीच्या गाडीत समोरच्या बाईंनी खोक्याकडं बघून विचारलं, "गिरणी का, घरगुती?" मी हो म्हटलं. जालन्यापर्यंत आम्ही दळणावरच बोललो.

आता भावाच्या घरी रोज संध्याकाळी साडेसहाला स्वैपाकघरातले स्टीलचे डबे वाजतात. वहिनीनं मांडणीवर जुन्या लुगड्याची घडी अंथरली आहे. साखरेचा डबा तरीही ऐकत नाही.