लगेच का नाही उतरलो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी वैमानिक. खारघरला सोसायटीच्या गणपतीत, पनवेल लोकलमध्ये, नात्यातल्या लग्नांत, गेली 7 वर्षं एकच प्रश्न: "उडाल्या उडाल्या बिघाड कळला ना? मग 40 मिनिटं समुद्रावर फिरत का बसलात?"

फिरत बसलो नव्हतो.

मुंबईच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीवरून जुहूच्या दिशेने उडालो. फ्लॅप्स, म्हणजे कमी वेगातही विमान उचलून धरणारे पंखांमागचे पट्टे, आत घ्यायला लिव्हर सरकवला आणि ते मध्येच थांबले. डावीकडचे आणि उजवीकडचे फ्लॅप्स सारखे सरकले नाहीत तर विमान एका अंगावर कलू लागतं. म्हणून फरक दिसताच यंत्रणा दोन्हीकडचे जागीच रोखते. थांबले तेच बरं, हे मला 20 वर्षं पाठ होतं. तरीही माझा हात पुन्हा लिव्हरकडे गेला. एकदा सरकवून बघावा, बस्स. शेजारून फर्स्ट ऑफिसर म्हणाली, "सर, चेकलिस्ट." हात मागे घेतला. तो हात माझाच होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

रेडिओवर पॅन पॅन दिलं, म्हणजे अडचण तातडीची आहे पण लगेच जिवावरची नाही असं कळवलं, आणि होल्ड, म्हणजे हवेतच घिरट्या घालत थांबायला जागा, मागितला. टाक्या भरलेल्या, वजन उतरण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त, आणि आमच्या आकाराच्या विमानातून इंधन हवेत सोडता येत नाही, जाळावंच लागतं. फ्लॅप कमी म्हणजे उतरतानाचा वेग जास्त, त्यात जुलैची ओली धावपट्टी. थांबायला किती लांबी लागेल, याचा हिशेब दोघांनी वेगवेगळा करून ताडून पाहिला. आग असती तर तसंच जड विमान खाली आणलं असतं. आग नव्हती.

एवढं मी कुणालाही ठासून सांगेन. पण त्याच विमानात वाशीच्या एक काकू होत्या. त्यांनी घरी बोलावून वेगळंच विचारलं. "12 मिनिटं तुम्ही आमच्याशी एक शब्द बोलला नाहीत. मी नातवाला मेसेज लिहून ठेवला होता."

आधी विमान सांभाळा, मग दिशा, मग बोला, हा क्रम आम्हाला सुरुवातीपासून शिकवतात. त्यांनाही तेच सांगितलं. "असेल," म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

20 सेकंद पुरले असते. होते का माझ्याकडे? रात्री आठवतो तेव्हा वाटतं, सहाव्या मिनिटाला होते. सकाळी वाटतं, त्याच मिनिटाला तर आम्ही वजनाचे आकडे ताडत होतो.