अपूर्णांकाची वर्कशीट

आज दिवसभर आम्ही चौघं शिक्षकांनी पाठवलेलं साहित्य ऑनलाइन संग्रहात लावत बसलो होतो. 'अपूर्णांक फायनल नवीन' या एकाच नावाच्या तीन फाइली आल्या होत्या, तिन्ही वेगळ्या! उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. मग ठरवलं, प्रत्येक फाइलवर इयत्ता, विषय, घटक आणि भाषा असलीच पाहिजे. शोधून सापडत नसेल तर ते साहित्य असून नसल्यासारखंच.

सगळ्यात जास्त वेळ परवान्यांनी खाल्ला, म्हणजे कुठलं साहित्य कुणी कसं वापरायचं हे सांगणाऱ्या अटींनी. 'मुक्त शैक्षणिक साहित्य' (कुणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारं) ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ च्या बैठकीत आली आणि त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवानेही आले. त्यातला 'सीसी बाय' असेल तर श्रेय देऊन कुणीही वापरावं, बदलावं, भाषांतर करावं. पण 'नो डेरिव्हेटिव्ह्ज', म्हणजे बदल करून वाटायला मनाई, असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही. शिक्षकांच्या कामाला हा परवाना मला पटतच नाही. आपल्या वर्गाप्रमाणे बदल केल्याशिवाय शिकवतं कोण? पीडीएफसोबत मूळ फाइलही मागायची, तीही याचसाठी.

संध्याकाळी एक स्कॅन उघडलं. हाताने काढलेलं वर्तुळ, चारातले तीन भाग रंगवलेले, आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेलं: 'इथे मुलं अंश-छेद उलटे लिहितात. घाई करू नका.' किती वर्षांच्या शिकवण्यातून आली असेल ही ओळ! स्कॅन साफ करताना ती पुसायची नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

उद्या भूमिती.