सहा हजार की वीस हजार?

टीसीएसचे थोडे शेअर आईने माझ्या नावावर करून दिलेत. लाभांश वेळेवर येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या आकड्यांवर माझा विश्वास बसेना झालाय.

जुलै २०२५मध्ये कंपनी म्हणाली, वर्षभरात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करू. ऑक्टोबरमधल्या निकालांच्या वेळी म्हणाली, आतापर्यंत साधारण १ टक्का, सहा हजारांच्या आसपास गेले. मग जूनअखेरचे ६,१३,०६९ कर्मचारी सप्टेंबरअखेर ५,९३,३१४ कसे झाले? ही घट १९,७५५ची आहे!

बाकीचे स्वतःहून गेले आणि त्या जागा भरल्या नाहीत, असं असू शकतं. आयटीत गळती असतेच. मग तसं फोडून सांगा ना. राजीनामा किती जणांनी दिला, किती जणांकडून घेतला, नवे किती आले? पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा आरोप सक्तीच्या राजीनाम्यांचाच आहे. संघटनेचे दावे कंपनीने फेटाळलेत, पण नुसत्या नकाराने माझं समाधान होत नाही.

त्याच तिमाहीत पुनर्रचनेपोटी १,१३५ कोटींचा खर्च दाखवलाय. तो गेलेल्या सहा हजारांचा, की पुढे जाणाऱ्यांचाही? वार्षिक सभेत मी हाच प्रश्न विचारणार आहे.