तिला एकच चावली होती

मार्चमधली दुपार. ओपीडी आटोपली होती, डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेले होते (मीटिंग नसलेला आठवडा मला आठवत नाही). तेवढ्यात आवारात जीप शिरली, आणि पोराचं बोंबलणं जीपच्याही आधी.

दहा वर्षांचा मुलगा. गावातल्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लोंबत होतं, ते पोरांनी दगड मारून उठवलं. एक डोळा सुजून बंद. मानेवर, कानामागं, हातांवर काटे तसेच. त्यावर चुना, चुन्यावर हळद, हळदीवर टूथपेस्ट. मधमाशी चावली की घरातलं प्रत्येक माणूस आपापलं औषध आणून थापतं, काटा मात्र कुणी काढत नाही. माशी उडून गेली तरी विषाची पिशवी काट्याला चिकटून मागं राहते आणि विष आत ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच उतरतं. काटा खरवडून काढा की चिमटीनं ओढा, यावर लोक वाद घालतात. कसाही काढा, पण तिथल्या तिथं काढा. चाळीस मिनिटं जीपमधून आल्यावर त्या काट्यात फारसं काही उरलेलं नसतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी चुना पुसून मी काटे काढत बसले, कारण पोरगा ओरडत होता आणि खोलीतली सगळी माणसं त्याच्याभोवती होती.

त्याची सात वर्षांची बहीण आजीला टेकून बाकावर बसली होती. आजी म्हणाली, "तिला काय न्हाई झालं सिस्टर, एकच चावलीया. घाबारलीया जरा. जीपीत वकली. तुमी पोराचं बगा आदी." घाटातून येताना पोरं ओकतातच. मी ऐकलं आणि पुढच्या काट्याला चिमटा लावला.

लक्ष गेलं ते आमच्या सफाईवाल्या मावशींचं. "सिस्टर, ही पोरगी लई खाजवतीया, आन् बोलंना झालीया." फ्रॉक वर केला तर पोटापासून मांड्यांपर्यंत गांधी उठलेल्या. हात गार, नाडी बोटाखाली पळत होती, आवाज घोगरा. एक ओकारी आणि अंगभर गांधी, एवढ्यावरच कळायला हवं होतं. अॅलर्जी काटे मोजत नाही. गेल्या वर्षीही तिला चावली होती आणि हात कोपरापर्यंत सुजला होता, हे आजीनं मी विचारल्यावर सांगितलं.

माझा हात आधी सवयीनं एव्हिलकडे गेला, हे कबूल करते. एव्हिलनं खाज थांबते. घसा उघडत नाही, पडणारं बीपी सावरत नाही. त्याला अॅड्रिनलिनच लागतं, आणि अॅड्रिनलिन म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांचे हात थरथरतात, जणू ते फक्त मरणाच्या दारात द्यायचं औषध आहे. इमर्जन्सी ट्रे कपाटात, कपाटाची किल्ली फार्मासिस्टकडे, फार्मासिस्ट जेवायला. मग आठवलं ते लसीकरणाच्या खोलीतलं अॅनाफिलॅक्सिस किट, म्हणजे जीवघेण्या अॅलर्जीसाठीचं. लस दिल्यावर रिअॅक्शन आली तर म्हणून ठेवलेलं. त्यात वयाप्रमाणे डोसचा तक्ता असतो, ही त्या किटची सगळ्यात शहाणी गोष्ट. सहा ते बारा वर्षं, ०.२ मिली, ४० युनिटच्या सिरिंजवर ८ युनिट. घाबरलेल्या माणसाला वजनाची गणितं सुचत नाहीत, रेघ मोजता येते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत दिलं.

तिला आडवं करून पायांखाली ब्लँकेटची घडी सरकवली, ऑक्सिजन लावला. आजी तिला उठवून पाणी पाजायला बघत होती. मी तिच्यावर ओरडले. अशा वेळी मूल उठवून बसवलं तर घात होतो, पण ते नीट समजावून सांगायला सवड नव्हती. पाच मिनिटांनी फारसा फरक नाही. डॉक्टरांना फोन लावला. "दुसरा दे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या डोसनंतर काही वेळानं ती मास्कमधून म्हणाली, "आजे, पाठ खाजीव."

१०८ आली. उतरलेली रिअॅक्शन काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून तिला रात्रभर उपजिल्हा रुग्णालयात ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरी गेली. मला मात्र आठवडाभरानं लेखी खुलासा मागितला गेला, लसीकरणाचं किट लसीकरणाव्यतिरिक्त का वापरलं म्हणून. दोन ओळींत दिला.

खुलाशासाठी रजिस्टर काढलं तेव्हा वेळा पाहिल्या. दोघं आत आली १.४० ला. पहिलं इंजेक्शन १.५४. त्या चौदा मिनिटांत मी अकरा काटे काढले होते, मोजून ट्रेमध्ये ठेवलेले.